कुरुद ते भेडाघाट : झिजलेल्या पर्वताच्या मुळाशी

छत्तीसगडात कुरुदचे नाव काढले की ऐकणारा धमतरीकडचे कुरुद धरून चालतो. ते तालुक्याचे गाव, नावाजलेले. मी उतरले होते ते भिलाईचे कुरुद. रेल्वेरुळांच्या उत्तरेला, कोहका आणि जामुलच्या आसपास, शहराने अर्धेअधिक गिळलेले खेडे. एका अंगाला धानाची बांध घातलेली खाचरे, दुसऱ्या अंगाला प्लॉट पाडलेली जमीन आणि मधे एक तरिया, म्हणजे तळे, ज्यात म्हशी आणि पोरे एकाच वेळी डुंबत असतात. माझा मावसभाऊ भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झाल्यावर इथेच स्थिरावला. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी घरे आहेत, पोलादाने त्यांत आणखी भर घातली. तेव्हा कुरुदच्या एखाद्या स्वयंपाकघरात एका शेगडीवर वरणफळे आणि दुसरीवर छत्तीसगडी फरा शिजताना दिसला तर नवल नको.

मी निघाले होते जबलपूरला, भूकंपाचा मुलूख बघायला. दादाला हे सांगितले तेव्हा तो हसला. ‘‘मग इकडे कशाला आलीस? इथलं काही हलत नाही.’’ तो म्हणाला ते नकाशाला धरूनच होते. भूकंपाच्या धोक्याचा २००२ चा अधिकृत नकाशा पाहिला तर दुर्ग-भिलाई सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या पट्ट्यात येते. पण हा न हलणारा मुलूखच मला आधी बघायचा होता. जबलपूरची भेग समजून घ्यायची तर तिच्या दक्षिणेला काय पडले आहे ते पायाखालून घालावे लागते. कुरुदहून पश्चिमेला डोंगरगड, गोंदिया, भंडारा, नागपूर. तिथून उत्तरेला रामटेक, सिवनी आणि शेवटी नर्मदा. या वाटेवर आपण पार झिजून गेलेल्या डोंगररांगांच्या मुळांवरून जात असतो आणि खिडकीतून मात्र भाताची शेते दिसत राहतात.

वहिनींच्या अंगणात फरशी घातलेली आहे. इकडे ओटे, जिने, कुंपणे, सगळीकडे हीच. शेताच्या कडेला तिच्या चिपा उभ्या रोवून केलेली कुंपणे तर मैलोन्‌मैल दिसतात. रंगाने शहाबादीपेक्षा जांभळट. वहिनी त्यावर रखिया बडी, म्हणजे आपले कोहळ्याचे सांडगे, वाळत घालत होत्या. न्हाणीजवळच्या एका फरशीवर बोट फिरवले तर सारख्या अंतरावर बारीक वळ्या हाताला लागल्या. उथळ पाण्याच्या तळाशी वाळूवर उमटतात तशा. मिस्त्री हा तुकडा पायाला टोचेल म्हणून टाकून देत होता. ‘‘मीच म्हटलं राहू दे, कपडे घासायला बरा,’’ वहिनी म्हणाल्या.

त्या वळ्या खरोखरच पाण्याच्या आहेत. शंभर कोटी वर्षांहून आधी इथे एक उथळ समुद्र होता. रायपूर, दुर्ग, बिलासपूर यांना पोटात घेणारे छत्तीसगडचे खोरे सुमारे ३३ हजार चौरस किलोमीटरांचे आहे, आणि ते त्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या वाळूने, गाळाने आणि चुन्याने भरले आहे. त्या काळी जमिनीवर झाड नव्हते, पाण्यात मासा नव्हता. होते ते सूक्ष्म जीवांचे चिकट थर. चुना त्यांच्यावर साचत गेला आणि कांद्यासारखी वर्तुळे दगडात कायमची राहिली. कुरुदच्या उत्तरेला नंदिनीच्या खाणीत भिलाईच्या झोतभट्ट्यांसाठी लागणारा चुनखडक काढतात. जामुलचा सिमेंट कारखानाही याच चुनखडकावर उभा राहिला. खाणीच्या कठड्यावरून पाहिले की डोळ्यात भरते ती एकच गोष्ट: थर आडवे आहेत. शंभर कोटी वर्षांत त्यांना कोणी दुमडले नाही, उभे केले नाही, वितळवले नाही. ‘इथलं काही हलत नाही’ याचा यापेक्षा मोठा पुरावा मिळणार नाही.

पण हे वरचे पांघरूण झाले. खाली काय आहे ते बघायला दक्षिणेला दल्ली-राजहऱ्याला जावे लागते. वाटेत माती बदलत जाते. इथला शेतकरी तिला चार नावांनी ओळखतो: काळी ती कन्हार, पिवळसर हलकी ती मटासी, दोन्हींच्या मधली डोरसा आणि लाल मुरमाड पडीक ती भाटा. दल्ली जवळ येईतो भाटा वाढत जाते आणि मग एकाएकी लाल डोंगर उभे राहतात. भिलाईचे लोखंड इथले. खाणीच्या कडेला पडलेला एक तुकडा उचलला तर हात खाली ओढला गेला, इतका तो जड. त्यावर एकाआड एक पट्टे: एक विटकरी लाल, गारेचा, एक काळसर, चमकदार, लोहाचा. समुद्राच्या पाण्यात विरघळलेले लोह तळाशी बसले तेव्हाचे हे पट्टे. वय अडीचशे कोटी वर्षांच्या वर. नंदिनीत आडवे होते, इथे थर तिरपे आहेत, काही जवळजवळ उभे, काही घडी घातलेले. म्हणजे छत्तीसगडचा समुद्र येण्याआधी या जमिनीने मोठा मार खाल्लेला होता. दल्लीत आणखी एक गोष्ट आवर्जून बघण्यासारखी आहे, ती भूशास्त्राची नाही. कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेतल्या खाणमजुरांनी १९८३ साली स्वतःच्या वर्गणीतून उभे केलेले शहीद रुग्णालय. नियोगींची १९९१ मध्ये भिलाईत हत्या झाली. रुग्णालय चालू आहे.

पुन्हा मुख्य वाटेला लागून राजनांदगाव. दिग्विजय महाविद्यालयाच्या तळ्याकाठी गजानन माधव मुक्तिबोधांची आठवण जपली आहे. मराठी घरातला हा हिंदीचा थोर कवी १९५८ पासून इथे शिकवत होता. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. भाषेची सीमा एकाच घरातून गेल्याचे असे उदाहरण दुसरे आठवत नाही.

राजनांदगाव सोडले की सपाटी मोडायला लागते. डोंगरगडची टेकडी दुरूनच दिसते, वर बम्लेश्वरीचे देऊळ. नवरात्रात नागपूर-भंडाऱ्याकडून इतके लोक येतात की पायऱ्यांवर छत्तीसगडीपेक्षा वऱ्हाडी-नागपुरी जास्त कानावर पडते. हजारावर पायऱ्या आहेत. दम लागला की बसायचे, आणि बसल्यावर बाजूचा कातळ बघायचा. हा ग्रॅनाइट. जवळून पाहिला तर गुलाबी, पांढरे आणि काळे दाणे एकमेकांत घट्ट अडकलेले दिसतात. दाणे इतके मोठे व्हायला वितळलेला खडक सावकाश निवावा लागतो, आणि तो सावकाश निवतो तो जमिनीच्या पोटात, कित्येक किलोमीटर खोल. म्हणजे आज जिथे देवीचा कळस आहे त्याच्याही वर एके काळी किलोमीटरच्या हिशोबात मोजावा एवढा खडक होता. तो सगळा पावसाने, वाऱ्याने, नद्यांनी नेला.

डोंगरगडचा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. त्याच्या आजूबाजूला त्याच काळातले ज्वालामुखीचे खडक आहेत. ग्रॅनाइट आणि ज्वालामुखी असे एकत्र, लांबट पट्ट्यात सापडले की भूशास्त्रज्ञांचे कान टवकारतात. आज असे दृश्य दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. तिथे समुद्राचा तळ खंडाच्या खाली घुसतो, खोल गेल्यावर वरचा खडक वितळू लागतो, काही वितळलेले द्रव्य वर येऊन ज्वालामुखीतून बाहेर पडते, बाकीचे आतच थिजते, आणि वर अँडीज पर्वत वाढतो. डोंगरगडच्या पट्ट्यात नेमके तसेच झाले, की जमीन ताणून फाटताना हे द्रव्य वर आले, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. मला पायऱ्यांवर बसून अँडीजवाल्यांची बाजू पटत होती. त्यात दम लागण्याचाही भाग असेल.

डोंगरगडनंतर गाडी महाराष्ट्रात शिरते ती दरेकशाच्या बोगद्यातून. नागपूरहून राजनांदगावपर्यंतचा मूळ मार्ग १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला मीटरगेजने टाकला, पुढे तो बंगाल-नागपूर रेल्वेने घेऊन रुंद केला. आता त्याच मार्गावर भिलाईत लाटलेले रूळ आहेत. पावसाळ्यात डाव्या-उजव्या खिडकीवरून डब्यात भांडणे होतात, कारण बोगद्यापाशी हाजरा धबधबा दिसतो. सालेकसा-दरेकशाचे हे डोंगर बऱ्याच अंशी ज्वालामुखीचे, पण सह्याद्रीसारखे काळ्या कातळाचे नव्हेत. इथला लाव्हा गारेने समृद्ध, चिकट, स्फोट करत बाहेर पडणारा. त्यातल्या एका खडकाला भूशास्त्राच्या पुस्तकांत इथल्याच बिजली गावाचे नाव आहे.

जवळच कचारगड. माघी पौर्णिमेला मध्य भारतातून लाखो गोंड भाविक इथल्या गुहेकडे येतात. त्यांच्या परंपरेत त्यांचे पूर्वज या गुहेत कोंडलेले होते, तोंडावर मोठा दगड होता, आणि पहांदी पारी कुपार लिंगोने त्यांना बाहेर काढले. यात्रेखेरीजच्या दिवशी तिथे शुकशुकाट असतो. आत उभे राहून वर पाहिले तर छताला आरपार भोक आहे आणि त्यातून आभाळ दिसते. दगड सरकणे, जमीन उघडणे, आतून माणसे बाहेर येणे ही कथा या मुलखात रुजावी यात मला काही विशेष वाटले नाही. इथला प्रत्येक डोंगर कशातून तरी बाहेर आलेला आहे.

गोंदिया तांदळाच्या गिरण्यांचे, भंडारा वैनगंगेचे आणि पितळी भांड्यांचे. हा टप्पा झटकन जातो. मात्र साकोली-भंडारा भागातल्या टेकड्यांत कायनाइट आणि सिलिमनाइट ही खनिजे निघतात, भट्ट्यांच्या उष्णतारोधक विटांसाठी ती लागतात. कायनाइट हे साक्षीदार खनिज आहे. साधी चिकणमाती खूप खोल गाडली जाऊन प्रचंड दाबाखाली आली की त्यात हे निळसर पाते तयार होते. उथळ जागी ते होत नाही. भंडाऱ्याच्या टेकडीवर ते मिळते याचा अर्थ ती टेकडी एके काळी खोल पाताळात होती.

नागपुरात अजबबंगल्यात मुद्दाम गेले. १८६३ साली सुरू झालेले हे मध्यवर्ती संग्रहालय शाळेच्या सहलींना भुसा भरलेल्या प्राण्यांसाठी माहीत असते. माझे कारण वेगळे होते. १९०३ च्या सुमारास दोराबजी टाटा वडिलांच्या पोलाद प्रकल्पाच्या कामासाठी नागपुरात आले. ज्या अधिकाऱ्याला भेटायचे तो जागेवर नव्हता, म्हणून वेळ काढायला ते या संग्रहालयात शिरले. भिंतीवर मध्य प्रांताचा भूशास्त्रीय नकाशा होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्याच्या जागी लोहखनिज दाखवणारा गडद रंग. ते पाहणीला गेले ते दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांवर. लोखंड अव्वल, पण पुरेसे पाणी आणि कोकचा कोळसा जवळ नाही, म्हणून तो बेत सुटला. ज्यांनी दुर्गच्या त्या डोंगरांची पाहणी आधी केली होती त्या प्रमथनाथ बसूंनीच पुढे मयूरभंजचे लोहखनिज टाटांना सुचवले, आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेला. दल्लीचे लोखंड आणखी अर्धे शतक पडून राहिले. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू केली. तो नकाशा काही मला दिसला नाही. रखवालदाराला विचारले तर त्याने मला डायनोसॉरच्या दालनाकडे पिटाळले.

नागपूर स्वतः एका काठावर बसले आहे. पश्चिमेला सीताबर्डीच्या टेकडीपासून दख्खनचा काळा कातळ सुरू होतो, पूर्वेला जुने खडक उघडे आहेत. कामठीला मधेच कोळसा. आपण मुंबई-पुण्याकडची माणसे महाराष्ट्र म्हणजे काळा पत्थर असे समजतो. तो साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे या प्रवासात भेटलेल्या खडकांपुढे अगदी कालचा. त्याच्याखाली सगळीकडे हेच जुने खडक आहेत. कोयना खोऱ्यात शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडले तेव्हा सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर ग्रॅनाइटच लागला.

मनसरला चहाच्या टपरीवर मँगेनीज खाणीतून निवृत्त झालेले एक काका भेटले. रामटेक रस्त्याच्या या फाट्यावर एकीकडे वाकाटककालीन अवशेषांचे उत्खनन आहे, दुसरीकडे खाण. काकांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यात एक काळा खडा अडकवलेला. ‘‘घ्या हातात.’’ बोटांना काजळी लागली. ‘‘हे आमचं काळं सोनं. पण सरळ नाही सापडत, बाई. पट्टा धरून जावं तर मधेच गडप. मग पुढं पन्नास फुटांवर पुन्हा वर. साहेब लोक म्हणायचे, घडी आहे.’’

घडी आहे, आणि ती सगळ्या मध्य भारताची कळ आहे. नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या जिल्ह्यांतून मँगेनीजचा पट्टा लांबलचक गेला आहे. तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या सौसर गावावरून या खडकांना नाव मिळाले. गेल्या शतकाच्या आरंभी फर्मर या भूशास्त्रज्ञाने इथल्या मँगेनीजयुक्त खडकांचा कसून अभ्यास केला आणि त्यांतल्या एकाला गोंडांच्या नावावरून गोंडाइट म्हटले. १८९६ मध्ये सुरू झालेली इंग्रजी खाणकंपनी आज ‘मॉयल’ म्हणून नागपुरातून चालते. हे खडक मुळात काय होते? समुद्राच्या तळाची वाळू, चिखल, चुना आणि त्यांच्यात बसलेले मँगेनीज. मग त्यांना कोणी दाबले, तापवले, वीस-पंचवीस किलोमीटर खोल नेले, घडीवर घडी घातली आणि पुन्हा वर आणून उघडे टाकले? असा प्रवास खडकाला घडवणारी प्रक्रिया भूशास्त्राला माहीत आहे ती प्रामुख्याने एकच: दोन भूखंडांची टक्कर.

भारताचा हा द्वीपकल्पी भाग एकसंध नाही. तो गोधडीसारखा वेगवेगळ्या जुन्या तुकड्यांचा आहे. दक्षिणेचा तुकडा बस्तरचा, ज्यावर दल्लीचे लोखंड आणि कुरुदची फरशी आहे. उत्तरेचा बुंदेलखंडाचा. या दोहोंमध्ये समुद्र होता, तो आक्रसत मिटला आणि तुकडे एकमेकांवर आदळले. आज भारत आणि तिबेट यांच्यामध्ये जे चालू आहे, तेच. तिथे टेथिस समुद्र मिटला, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी टक्कर सुरू झाली, समुद्राचा गाळ एव्हरेस्टच्या माथ्यावर गेला. इथे टक्कर नेमकी केव्हा झाली? काही अभ्यासक १६० कोटी वर्षे मागे जातात, काही शंभर कोटींच्या आसपास थांबतात, काही म्हणतात दोनदा झाली. पण सांध्याची पट्टी कुठे आहे यावर फारसा वाद नाही. सातपुडा आणि नर्मदा-शोणच्या खोऱ्यांतून ती पूर्व-पश्चिम गेली आहे, आणि मनसरची टपरी तिच्यात येते.

रामटेकच्या गडावर पायऱ्यांनी चढले. नरसिंहाची वाकाटककालीन देवळे, कालिदासाचे स्मारक, वानरांचा उच्छाद. चढताना कडेचा दगड बघितला: क्वार्टझाइट, म्हणजे मूळची वाळू, दाबाखाली पक्की झालेली, आणि मधून मधून अभ्रकाचे चमकते पापुद्रे. सगळे पापुद्रे एकाच दिशेला झुकलेले. दाबाची दिशा काय होती ते दगड अजून सांगतो. समोर सपाट शेते, संत्र्यांच्या बागा, खिंडसीचा तलाव. इथे कोणे एके काळी हिमालयाच्या जातीचा पर्वत होता असे कोणाला सांगितले तर तो आधी आपल्याकडे आणि मग उन्हाकडे पाहील. रामटेकची टेकडी म्हणजे त्या पर्वताचे शिखर नव्हे, मूळ आहे. वरचे सगळे गेले, म्हणून मूळ उघडे पडले.

आणि गेले ते वाया गेले असेही नाही. दल्लीचे लोह एका समुद्राचे, मनसरसारख्या खाणींचे मँगेनीज दुसऱ्या समुद्राचे, नंदिनीचा चुना तिसऱ्या समुद्राचा. तीन समुद्र, तिघांचा काळ वेगळा. रेल्वेच्या रुळाच्या पोलादात शंभरात एक भागाच्या आसपास मँगेनीज लागते, त्याशिवाय रूळ झिजेल. भिलाई-नागपूर या पट्ट्याचे अर्थकारण कारखाने, खाणी आणि धान यांवर चालते असे आपण म्हणतो. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी मिटलेल्या समुद्रांनी आणि त्यांच्या टकरींनी ठेवलेल्या आहेत. खाणगावांत मात्र त्या श्रीमंतीचे फार काही उतरलेले दिसत नाही. लाल धूळ दल्लीत, काळी मनसरला.

देवलापार, खवासा, मग कुरईचा घाट. पेंचच्या जंगलात महामार्ग खांबांवर उचलला आहे, खालून वाघ जातात. घाट चढून सिवनीच्या पठारावर आले की पुन्हा काळा कातळ आणि काळी माती. सातपुडा शाळेच्या पुस्तकात ‘गट पर्वत’ असतो आणि हिमालय ‘वली पर्वत’. पाठ करताना दोन्ही सारखेच कंटाळवाणे वाटतात, पण इथे फरक कळतो. सातपुड्याची आजची उंची ही त्या जुन्या टकरीची नव्हे. जुना वली पर्वत केव्हाच झिजून सपाट झाला होता. नंतर त्याच कमकुवत पट्ट्यावर जमीन ताणली गेली, पूर्व-पश्चिम भेगा पडल्या, त्यांच्यामधला भाग वर राहिला किंवा उचलला गेला, बाजूचा खचला. खचलेल्या दरीत नर्मदा आणि तापी पश्चिमेला वाहू लागल्या, भारतातल्या बहुतेक मोठ्या नद्यांच्या उलट. एकदा जिथे सांधा झाला तिथेच जमीन पुन्हा पुन्हा तुटते.

जबलपुरात मदनमहालच्या ग्रॅनाइटवर गोंड राजांचा छोटा गड आहे आणि त्याच्या पायथ्याशी ‘बॅलन्सिंग रॉक’. एक अवाढव्य शिळा दुसऱ्या शिळेवर एवढ्याशा टेकूवर बसलेली. २२ मे १९९७ च्या पहाटे चार वाजून वीस-बावीस मिनिटांनी शहर हादरले तेव्हाही ती पडली नाही, हे इथला प्रत्येक रिक्षावाला सांगतो. घरे पडली. भूकंपाची महत्ता ५.८, बळी चाळीसच्या आसपास. सर्वाधिक मार कोसमघाटसारख्या शहराजवळच्या खेड्यांना बसला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे किल्लारी आठवणारच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपलेली. महत्ता ६.२, म्हणजे जबलपूरहून थोडीच जास्त, आणि बळी जवळपास दहा हजार. फरक कशाने पडला? एक कारण घरांचे: लातूर-धाराशिवकडची जाड दगड-मातीची भिंत आणि डोक्यावर माळवदाचे ओझे. दुसरे कारण खोलीचे. किल्लारीची भूकंपनाभी दहा किलोमीटरच्या आत होती, जबलपूरची सुमारे पस्तीस. एवढ्या खोल खडक ऊबदार आणि मऊसर असतो, मोडण्याऐवजी सरकतो, अशी समजूत होती. जबलपूरने ती हलवली. आणि हे इतके नेमके कळले तेही किल्लारीमुळे, कारण त्या भूकंपानंतर देशातली भूकंपमापनाची केंद्रे सुधारली गेली होती. नर्मदेवर वर बरगीचे धरण आहे, आणि १९६७ च्या कोयनेच्या भूकंपापासून धरणावर संशय घ्यायची आपल्याला सवय आहे. पण पस्तीस किलोमीटर खोलवर जे मोडले त्याला जलाशयाचे पाणी कारण मानणे कठीण.

मग ताण आला कुठून? हिमालयातून. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. त्यातले दोनेक सेंटीमीटर हिमालयात जिरतात, काही तिबेट आणि त्यापलीकडे. पण ढकलणारा भूपट्ट पाठीमागेही दाबला जातो, आणि हा दाब शेकडो किलोमीटर दक्षिणेला नर्मदेपर्यंत पोचतो. तिथे जुना सांधा आहे, त्यावर जुन्या भेगा आहेत. एके काळी ताणाने ज्या भेगेवरून जमीन खाली खचली, आता दाबाने त्याच भेगेवरून ती वर सरकते. जबलपूरला नर्मदेच्या दक्षिणेकडच्या प्रस्तरभंगावर हेच घडले. १९२७ मध्ये शोणच्या खोऱ्यात ६.५, १९३८ मध्ये सातपुड्यात ६.३, १९५७ मध्ये बालाघाटात ५.५, १९७० मध्ये भडोचला ५.४: एकाच पट्टीवरचे हे धक्के. पट्टीच्या दक्षिणेला कुरुदची फरशी आडवी राहते ती ताण नाही म्हणून नव्हे. मोडायला सोपी जागा उत्तरेला आधीच तयार आहे.

भेडाघाटला नर्मदा संगमरवराच्या फटीतून जाते. नावाडी सिनेमांची नावे घेत, यमके जुळवत होडी वल्हवतो आणि पर्यटक दगडांत गणपती, मोटार, हत्ती शोधतात. मी शिरा शोधत होते. पांढऱ्या भिंतीत काळसर-हिरव्या खडकाच्या पट्ट्या घुसलेल्या दिसतात, त्याही पुढे वाकलेल्या, तुटलेल्या. हा संगमरवर जुन्या समुद्राचा चुनाच, टकरीत भाजून निघालेला. काठावर त्याच्या आणि शंखजिऱ्याच्या मूर्ती घडवणाऱ्यांची दुकाने आहेत. धुवाँधारच्या तुषारांत त्यांच्या छिन्न्यांचा आवाज बुडून जातो.

शहरात परतताना एका नव्या कॉलनीत थांबले. एका अंगाला उभे राहिलेले इमारतीचे खांब, खाली गाड्यांसाठी मोकळी जागा, वर चार मजले चढणार. भूकंपात असा मोकळा तळमजलाच आधी बसतो. मिस्त्री बालाघाटातल्या लांजीकडचा, मराठी समजणारा. खांबातल्या सळयांना तो रिंगा बांधत होता. त्याला विचारले, किती अंतरावर बांधता? ‘‘वरखाली, जोडाजवळ, चार इंचांवर. मधे सहा. आणि टोक असं आत वळवायचं, बाहेर नाही.’’ त्याने सळईचे टोक पकडीने पूर्ण आत मुरडून दाखवले. कोणी शिकवले? ‘‘सत्त्याण्णवला आमच्या मामाचं घर बसलं ना. नंतर इंजिनीयर लोक यायचे, तेव्हा शिकलो.’’ मालक काय म्हणतो? तो हसला. ‘‘मालक म्हणतो आठ इंचांवर बांध, लोखंड महाग झालंय. तो दुपारी जेवायला जातो, तेव्हा मी चारवर बांधतो.’’